दोघींच्या मधली माझी इंग्रजी

मी कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात होतो. बंगलोरला यशवंतपूरच्या बाजूला आमचा कारखाना होता आणि लोकांनी कष्टाने बनवलेल्या वस्तूंना नावं ठेवणं हे माझं काम होतं. एखादा सुटा भाग टेबलावर आला की मी त्याला मायक्रोमीटर लावायचो आणि इंचाच्या हजाराव्या भागाइतका फरक दिसला तरी लाल चिठ्ठी बांधून परत पाठवायचो. फोरमन येऊन विनवण्या करायचे, मी ढिम्म हलायचो नाही. स्वातंत्र्य मिळून बारा-पंधरा वर्षं झाली होती आणि देशाची उभारणी माझ्या लाल चिठ्ठ्यांवरच अडून आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती. संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून जयनगरला उतरून हाच कडक माणूस घरी यायचा, आणि शाळेची एक दुरेघी वही पुढे आली की त्याची गाळण उडायची.

वही आमच्या मुलीची. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. अशा मुलांसाठी आज शब्द आहे. ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता म्हणतात, आणि परवा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तो शब्द बोलण्याच्या ओघात इतक्या सहज वापरला की मला त्यांचा हेवा वाटला. आमच्या वेळी शब्द नव्हता, नुसते अंदाज होते. माझी पुण्याची आत्या म्हणायची, आपल्या घरात सगळीच मुलं उशिरा बोलतात. खालच्या मजल्यावरची घरमालकीण अक्का म्हणायची, दृष्ट लागली आहे. कारखान्याचे डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, आणि त्यांनी एक लाल औषध दिलं, जे ते पाय मुरगळला तरी द्यायचे. मुलगी आपली स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात डब्यांची झाकणं फिरवत बसलेली असायची. पितळी झाकण फरशीवर उभं धरून बोटाने असा काही झटका द्यायची की ते कितीतरी वेळ जागच्या जागी घुमत राहायचं. आमच्या खात्यात कुणालाही तसं जमलं नसतं. बोलणं मात्र मोजकं होतं. पाणी, भात, नको, आणि मधूनच रेडिओवर ऐकलेलं एखादं आख्खं वाक्य, तेही निवेदकाच्या आवाजात. पाहुण्यांना बाजारभाव ऐकवून ती पुन्हा झाकणाकडे वळायची.

तिला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मी इंग्रजी शाळा निवडली. त्यामागे मुलीचा काही विचार नव्हता. मी पुण्यात शिकलेला, आणि माझ्या इंग्रजीबद्दल माझं स्वतःचं मत फार चांगलं होतं. कन्नड माझं दोन वर्षांत 'स्वल्प', 'सरी' आणि 'बेडा' या तीन शब्दांवर येऊन थांबलं होतं. थोडं, बरं आणि नको, एवढ्यावर बंगलोरमध्ये माणसाचं आयुष्य निघतं, असं मी नव्याने बदलून आलेल्यांना सांगायचो. घरापासून चार गल्ल्या पलीकडे एका बंगल्यात लहानशी खासगी शाळा होती. प्रवेशाच्या दिवशी मुख्याध्यापिकांनी विचारलं, मुलीबद्दल आम्हाला काही ठाऊक असावं असं आहे का. मी म्हणालो, थोडी लाजाळू आहे. एवढं सांगून मी फॉर्मवर झोकदार सही ठोकली.

बायको साताऱ्याची. मराठी सातवी झालेली, अक्षर माझ्यापेक्षा सुंदर, पण इंग्रजी येत नव्हतं आणि कन्नड भाजीवालीपुरतं. मीही शाळेत येते, असं ती म्हणाली तेव्हा मी तिला सांगितलं की इंग्रजी शाळांत आईने जायची पद्धत नसते. ही पद्धत मी तिथल्या तिथे काढली होती. खरं कारण असं की ती गेली असती तर तिने सगळं सांगून टाकलं असतं. मुलीला न्यायला शाळेची आया यायची. गल्लीतली पाच-सहा मुलं गोळा करून ती रोज त्याच रस्त्याने, त्याच क्रमाने न्यायची आणि आणायची, त्यामुळे त्या बाबतीत आमच्या मुलीची काही तक्रार नव्हती. अशा रीतीने शाळा आणि घर यांच्यात एकच वाट उरली, ती म्हणजे वही, आणि त्या वाटेवरच्या जकातनाक्यावर मी बसलो.

वर्गाच्या बाई इंग्रजीत लिहायच्या. पहिलाच शेरा असा होता की मुलगी घंटा झाली की कान झाकून किंचाळते, वर्ग बिघडतो, कृपया लक्ष घालावे. शाळेची घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. त्यावर शिपाई लोखंडी गज हाणायचा. प्रवेशाच्या दिवशी तो आवाज ऐकून माझेही दात आंबले होते. मी शेरा दोनदा वाचला. बायको पदराला हात पुसत समोर येऊन उभी राहिली आणि काय लिहिलंय म्हणून विचारू लागली. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला ते वाचवेना.

"बाई म्हणतात, हिचा कान फार तयार आहे," मी म्हणालो.

वाक्य तोंडून गेल्यावर मला स्वतःचं कौतुकच वाटलं. धड खोटं नाही, धड खरं नाही, आणि जेवणं सुखाने झाली. पण बायकोने तो शेरा इतका मनावर घेतला की तिने साताऱ्याला पत्र टाकून आपल्या वडिलांची पेटी मागवली. पेटी रेल्वेने आली. मग रोज दुपारी मुलीला समोर बसवून सा रे ग म सुरू झालं. मुलीने सुरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिला पेटीचा भाता आवडला. ती भाता उघडायची, मिटायची, त्याची हवा गालावर घ्यायची, आणि बायको बिचारी एका हाताने सूर धरायचा प्रयत्न करायची. आठवड्याने मला म्हणाली, बाईंना विचारा, पुढे काय शिकवू. मी विचारतो म्हणालो.

हळूहळू या कामात माझा हातखंडा झाला. मुलगी एका जागी बसत नाही असं आलं की मी ते चपळ आहे असं वाचायचो. विचारलेला प्रश्नच उलट विचारते, हे आलं तेव्हा पाठांतर उत्तम आहे असं झालं. एकदा बाईंनी लिहिलं की ती डबा खाण्याच्या सुट्टीत कुणाशीही खेळत नाही, विहिरीवरच्या रहाटाकडे बघत उभी राहते. त्याचं काय करावं मला सुचेना. शेवटी म्हणालो, हिला यंत्रांची आवड दिसते, माझ्यावर गेली. बायको हसली. त्या दिवशी तिने माझ्या आवडीची भरली वांगी केली, आणि मी ती निर्लज्जपणे दोनदा वाढून घेतली.

उलट दिशेने जाणारा माल मी आणखी कसून तपासायचो. संध्याकाळी भाकरी थापता थापता बायको मजकूर सांगायची आणि मी समोर पाटावर वही घेऊन बसायचो. घंटा व्हायच्या आधी तिला सांगा, आता वाजणार म्हणून, न सांगता आलेलं तिला सोसत नाही. हातात झाकण असलं की ती शांत राहते, दप्तरात लहान डबीचं झाकण ठेवलंय, ते काढून तिच्या हातात द्या. डोक्यावरून हात फिरवू नका, अंग चोरते, पण खांद्यावर तळहात दाबून धरला तर बरं वाटतं तिला. असं रोज काहीतरी असायचं. हे तिने कुठे वाचलेलं नव्हतं. दिवसभर त्या मुलीकडे बघून बघून तिने शोधून काढलेलं होतं. आज चांगल्या शाळांमधून जाणकार लोक पालकांना बसवून हेच समजावतात.

मी त्यातलं एक अक्षर लिहिलं नाही. डबीच्या झाकणाबद्दल इंग्रजी शाळेला काय लिहायचं, असं मला वाटायचं. लाज वाटायची, दुसरं काही नाही. मुलीची वाटायची की माझी, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही. त्याऐवजी मी कारखान्याच्या पत्रव्यवहाराच्या थाटात लिहायचो, की आपल्या अमुक तारखेच्या शेऱ्याच्या संदर्भात कळविण्यात येते, सदर मुलीचे घरातील वर्तन सर्वथैव समाधानकारक असून वर्गातील शिस्तीबाबत आपल्या स्तरावर योग्य ती कार्यवाही व्हावी. आधी कच्चा मसुदा, मग वहीत पक्की प्रत, आणि पानाखाली कार्बन घालून घरच्या फाइलसाठी नक्कल. एक उत्तर तर मला इतकं साधलं की मी त्याची नक्कल खात्यातल्या टायपिस्टला वाचायला दिली. त्याने ती गंभीरपणे वाचून विचारलं, टेंडर कुणाचं आहे साहेब. बायको विचारायची, झाकणाचं लिहिलंत ना. मी म्हणायचो, लिहिलं.

योग्य ती कार्यवाही झाली. दसऱ्याच्या सुट्टीनंतर बाईंचा शेरा आला की मुलीला घंटेच्या वेळी हात बाकावर ठेवायला लावते आहे, कान झाकू देत नाही. मी बायकोला सांगितलं, हाताचं वळण शिकवताहेत. पुढच्या आठवड्यात मुलगी घरी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायला लागली. ताट समोर आलं तरी हात काढेना, भरवावं लागायचं. झाकणं कोपऱ्यात तशीच पडून राहिली. पेटीच्या भात्यालाही तिने हात लावला नाही. बायकोने मला तीन-चारदा विचारलं, शाळेत काही झालंय का, वहीत काही आहे का. मी म्हणालो, बसण्याची नवी पद्धत असेल.

मला कळलं होतं. हे इथे स्वच्छ सांगून टाकतो, कारण बाकीचं सगळं हसत हसत सांगता येतं, एवढं येत नाही. मांड्यांखालचे ते हात पहिल्यांदा बघितले त्याच दिवशी मला कळलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या बसने कारखान्यात गेलो. तिथे एका दांड्याचा व्यास केसभर जास्त निघाला म्हणून मी आख्खी खेप परत पाठवली.

नाताळच्या सुट्टीच्या आधी मुख्याध्यापिकांचं पत्र आलं. वहीत नव्हे, बंद पाकिटात, टाईप केलेलं. मुलीला शाळेत ठेवता येणार नाही असं दिसतं, त्याबद्दल बोलायचं आहे, तरी आई आणि वडील दोघांनी शनिवारी यावं. 'दोघांनी' या शब्दाखाली शाईने रेघ मारली होती. त्या रेघेकडे मी बराच वेळ बघत बसलो. शाळेतून नाव निघालं तर मुलगी दिवसभर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून मोठी होणार, हे मला दिसत होतं. दुसरी शाळा तिला घेईल, असं एवढा सराव असूनही मला भाषांतर करून म्हणता येत नव्हतं. बायकोला मी सांगितलं, स्नेहसंमेलनाबद्दल काहीतरी असेल. तिने ठेवणीतली साडी काढली आणि मुलीच्या दोन्ही वेण्यांना नव्या रिबिनी बांधल्या.

शाळेत गेल्यावर मुलीला आयाने अंगणात नेलं आणि आम्ही आत गेलो. टेबलाच्या एका बाजूला मुख्याध्यापिका, शेजारच्या खुर्चीत वर्गाच्या बाई, मान खाली घालून. बाईंना मी त्याआधी दोनदा पाहिलं होतं. त्या मद्रासकडच्या असाव्यात असा माझा कयास होता, तो कशावरून हे विचारू नका. बायकोने दारातून पाऊल आत टाकलं आणि मला कोपराने ढोसून हळूच म्हणाली, इरकली नेसल्यात. धारवाडकडच्या बायकांच्या अंगावर दिसते तीच साडी, तोच लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा पदर. केसभर फरकाने खेपा परत पाठवणाऱ्या माझ्या नजरेतून तो एवढा मोठा पदर दोन्ही वेळा सुटला होता. मी बायकोला गप्प बसायची खूण केली.

मुख्याध्यापिका इंग्रजीत बोलायला लागल्या. त्यांच्यासमोर वही उघडी होती आणि माझी उत्तरं ठळक शाईत एकाखाली एक दिसत होती. त्यांचं म्हणणं साधं होतं. वडिलांनी प्रत्येक वेळी लेखी कळवलं आहे की मुलगी घरी उत्तम वागते. म्हणजे जे चालतं ते फक्त शाळेत चालतं. म्हणजे हा आजार नाही, कमजोरी नाही, निव्वळ हट्ट आहे, आणि एवढ्या शिस्तीनेही जात नसेल तर शाळेचा नाइलाज आहे. सुट्टीनंतर तिला पाठवू नये. मुद्देसूद बोलत होत्या, आणि सगळे मुद्दे माझेच होते.

बायकोने माझ्याकडे वळून विचारलं, काय म्हणतात.

"प्रगती आहे म्हणतात," मी म्हणालो. "पण हा वर्ग जरा लहान पडतोय तिला."

बाईंनी मान वर केली. माझ्याकडे नाही, बायकोकडे बघून त्या म्हणाल्या, "तसं म्हणाल्या नाहीत की हो त्या. शाळेतून काढा म्हणाल्या."

मराठीत म्हणाल्या. धारवाडी हेलाची, पण स्वच्छ मराठी. त्यांचं आजोळ बेळगावचं होतं आणि घरी आईशी त्या मराठीच बोलायच्या, हे पुढच्या दोन मिनिटांत निघालं. मग इंग्रजीत कशाला लिहायच्या, तर घरून एवढी भारदस्त इंग्रजी पत्रं येत, त्यांना वाटलं या घरात इंग्रजीच चालत असणार, मराठीत लिहिलं तर साहेबांचा अपमान होईल. त्यांना स्वतःला इंग्रजी बेताचंच येत होतं. त्या कन्नडमध्ये दोन-चार ओळी लिहून मुख्याध्यापिकांकडून त्यांचं इंग्रजी करून घ्यायच्या, आणि त्यात पोरगी गोड आहे, मला तिची काळजी वाटते, असलं जे काही असे ते अनावश्यक म्हणून गळून जायचं. माझी पत्रंही त्या तशीच दुसऱ्याकडून समजून घ्यायच्या. म्हणजे इतके महिने एक मराठी जाणणारी बाई आणि दुसरी मराठी बाई एकमेकींशी बोलायला धडपडत होत्या आणि मध्ये माझी इंग्रजी आडवी पडली होती.

बायकोने बाईंना विचारलं, "मग झाकणाचं कळवलं होतं मी, ते?"

"कसलं झाकण?" बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापिकांना मराठीचा गंध नव्हता. काय चाललं आहे ते सांगा, म्हणून त्या माझ्याकडे बघत होत्या. त्या वर्षात पहिल्यांदाच मी भाषांतर केलं नाही. बायको माझ्याकडे बघत होती, आणि ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती बघत होती, मी कोण आहे ते आठवत असल्यागत.

"तुम्ही जरा बाहेर बसा," ती म्हणाली.

मी बाहेर बसलो. व्हरांड्यात लहान मुलांचा ठेंगणा बाक होता, त्यावर बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे. अंगात सूट होता, टाय होता, त्या दिवसासाठी मुद्दाम इस्त्री केलेला. खिडकी उघडी होती. आतून बायकोचा आवाज येत होता, आणि ती इतके महिने भाकरी थापताना सांगितलेला सगळा मजकूर पहिल्यापासून सांगत होती. घंटेचं, खांद्यावरच्या तळहाताचं, भाताला वेगळी वाटी लागते त्याचं. बाई मधूनच थांबवून विचारत होत्या, मधूनच मुख्याध्यापिकांना कन्नडमध्ये समजावत होत्या. भाषांतर हे इतकं जलद आणि इतकं सरळ होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. मग एकदम बाईंचा आवाज आला.

"हात मीच धरत होते हो तिचे," त्या म्हणाल्या. "घरून शिस्तीचं लिहून आलं होतं म्हणून धरत होते."

बायको त्यांना काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. मला तिथून उठून कुठेतरी जायचं होतं, पण बाक इतका ठेंगणा होता की धड उठताही येईना, आणि समोरून आया मुलीला घेऊन जाताना माझ्याकडे बघून हसली.

मुख्याध्यापिकांनी पंधरा दिवस दिले. सुट्टीनंतर पंधरा दिवस मुलगी येईल, बाई या नव्या रीतीने बघतील, आणि शेवटच्या शनिवारी बाईंनीच वहीत लिहायचं की तिला पुढे पाठवावं की नाही. बाईंचा शब्द अखेरचा. बायकोने ते मान्य केलं. माझी सही कुणी मागितली नाही.

घरी आल्यावर बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही. डबा द्यायची, चहा द्यायची, एवढंच. पाचव्या दिवशी म्हणाली, "पेटी परत पाठवायची आहे. बाबांना कारण काय लिहू ते तुम्हीच सांगा, तुम्हाला छान जमतं." नंतर ती रडली, आणि म्हणाली की तुम्ही मला वाईट बातमी सांगितली नाहीत याचा राग नाही, मी शोधलेलं तुम्हाला लिहिण्याजोगं वाटलं नाही याचा आहे.

सुट्टीनंतर वही मराठीत सुरू झाली. बायकोचं गोल अक्षर आणि खाली बाईंचं जरा कन्नड वळणाचं. मी आल्यावर वही टेबलावर पडलेली असायची, कुणी मला वाचून दाखवायला सांगत नव्हतं, पण मी वाचायचो. बाई शिपायाशी बोलल्या होत्या. घंटेच्या आधी मुलीला झाडाखाली नेऊन उभं करायचं, म्हणजे तिला गज वर जाताना दिसेल. दिसला तर ती सोसायची. पहिल्या दिवशी तीनदा किंचाळली. दुसऱ्या दिवशीही तीनदा. पाचव्या दिवशी एकदा, आणि सहाव्या दिवशी पुन्हा चारदा, कारण शिपाई रजेवर होता आणि बदली माणूस भराभर वाजवून मोकळा झाला. बाईंनी हे सगळं जसंच्या तसं लिहिलं होतं, काही वाढवलं नव्हतं, काही लपवलं नव्हतं. माझ्या मुलीबद्दल त्या पंधरा दिवसांत मला जेवढं कळलं तेवढं आधीच्या सहा वर्षांत कळलं नव्हतं. हात मांड्यांखालून बाहेर आले, पण रोज नाही.

शेवटच्या शनिवारी कारखान्याला सुट्टी होती. सकाळी बायकोने वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "आज तुम्ही लिहा. खरं लिहा."

सवयीने मी आधी कच्चा मसुदा केला. दोन पानं झाली. झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगिरी, शाळेच्या सहकार्याबद्दल आभार, भविष्यातील समन्वयाबाबत सूचना, आणि हे सगळं शुद्ध मराठीत. बायकोने उभ्या उभ्या वाचलं, पेन्सिल घेतली आणि एकेक ओळ खोडत गेली. ती शांतपणे खोडत होती आणि मी नव्या कामगारासारखा खाली मान घालून बघत होतो. दुसऱ्या पानाच्या तळाशी, कुठेच बसत नव्हती म्हणून मी जाता जाता लिहिलेली एक ओळ होती. त्या ओळीशी तिची पेन्सिल थांबली. तेवढीच वहीत उतरवा, ती म्हणाली.

मी उतरवली. "मुलगी मला अजून बाबा म्हणत नाही, आणि हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं."

मुलगी आयाबरोबर गेली. दुपारपर्यंत मी वर्तमानपत्राचं एकच पान वाचत बसलो. बायकोने दोनदा अंगण झाडलं. दीड वाजता आया मुलांना घेऊन फाटकाशी आली. दप्तर बायकोने घेतलं, पण वही काढून माझ्याच हातात दिली. मी सकाळचं पान उघडलं. माझ्या ओळीखाली बाईंनी लिहिलं होतं:

"समजलं. मलाही ती अजून बाई म्हणत नाही. सोमवारी पाठवून द्या."